जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर आणि इंजिन घरच्या घरी दुरुस्त करताना

बरीच वर्षे उभी असलेली मोटारसायकल वीस किका मारूनही दाद देत नाही, तेव्हा हौशी कारागिराचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. तो बाहेरून दिसतो, दोन-चार बोल्ट सैल केले की हातात येतो, आणि खोलल्यावर काहीतरी मोठे काम केल्याचे समाधानही देतो. त्यामुळे इतर भागांचे दोष बहुतेक वेळा त्याच्याच माथी मारले जातात. माझ्या जुन्या गाडीचे आयडलिंग, म्हणजे मूठ न पिळता इंजिनचे संथ चालू राहणे, स्थिर राहत नव्हते म्हणून मी तिचा कार्ब्युरेटर तीनदा खोलून धुतला. चौथ्यांदा खोलण्याआधी कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांना जोडणारा रबरी मॅनिफोल्ड सहज दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिला, तेव्हा वरून धड दिसणाऱ्या त्या रबराच्या खालच्या बाजूस केसाएवढी भेग उघडली. इंजिन तिथून जादा हवा ओढत होते. कार्ब्युरेटर निर्दोष होता. दोष एवढाच की तीन वेळच्या खोलण्यात मी त्याच्या एका जेटची, म्हणजे बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी स्क्रूची, खाच पार बिघडवून ठेवली होती. म्हणून या लेखातील क्रम आधी इंजिन, मग ठिणगी आणि शेवटी कार्ब्युरेटर असा मुद्दाम ठेवला आहे.

खोलण्याआधी

गाडीच्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका मिळवणे ही पहिली पायरी आहे. पुढे जे आकडे येतील ते अंदाज यावा म्हणून आहेत. अंतिम आकडा पुस्तिकेतलाच मानावा. काम हवेशीर जागी करावे, जवळपास शेगडी, हीटर किंवा ठिणगी उडवणारे यंत्र असू नये, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. उघड्या भांड्यात पेट्रोल घेऊन भाग धुण्याची सवय त्यामुळे कायमची सोडावी. बाहेरचा चिकटा काढायला रॉकेल आणि ब्रश पुरेसा आहे.

हत्यारांपैकी एकाच गोष्टीबद्दल आग्रहाने लिहितो. जपानी बनावटीच्या किंवा त्या धाटणीच्या गाड्यांवरील अधिक खुणेचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे असले, तरी ते जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात, आणि फिलिप्सचा पेचकस त्यांच्या खाचेत पुरता बसत नाही. जोर दिला की तो वर सरकतो आणि खाच गोल होते. जेआयएस पेचकस आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर या दोन वस्तूंनी वाचवलेले स्क्रू मोजले, तर त्यांवरचा खर्च खर्च वाटत नाही. मात्र इम्पॅक्ट ड्रायव्हर इंजिनच्या कव्हरसाठी वापरावा. कार्ब्युरेटरच्या नाजूक ओतीव अंगावर हातोडी चालवू नये. त्याखेरीज चांगले पाने, फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती), टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) आणि व्हर्नियर कॅलिपर एवढ्यात बहुतेक काम भागते.

इंजिनची प्रकृती

अनेक महिने न फिरलेले इंजिन थेट किक मारून फिरवू नये. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल ओघळून गेलेले असते आणि रिंगा गंजाने चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढून त्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे. इंजिन सहज फिरले तर पुढे जावे. अडत असेल तर जोर न लावता पुन्हा तेल सोडून वाट पाहावी. घाईने लावलेला जोर चिकटलेली रिंग मोडतो, आणि मोडकी रिंग सिलिंडरला चरे पाडते.

यानंतर जुने ऑइल काढावे. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे, आणि तळाशी चमकणारे पितळी किंवा चंदेरी कण असतील तर आत एखादे बुश किंवा बेअरिंग झिजत आहे, असे समजावे. बऱ्याच जुन्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो. त्याऐवजी तारेची जाळी, आणि काहींत क्रँकच्या टोकाला फिरणारी गाळणी असते, जिच्या कडेला वर्षानुवर्षांचा गाळ काळ्या मेणासारखा साचतो. ऑइल बदलून ही गाळणी तशीच ठेवली तर काम अर्धेच झाले.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब निर्माण करतो ते. मापक प्लगच्या भोकात बसवावा, प्लग त्याच्या टोपीसह इंजिनच्या धातूला टेकवून त्याला अर्थिंग द्यावे किंवा इग्निशन बंद ठेवावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दमदार किका माराव्यात. थ्रॉटल उघडा ठेवायला विसरल्यामुळे धडधाकट इंजिन 'गेले' असे ठरवल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आकडा कमी आला तर चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये घालून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. फारसा फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या गॅस्केटकडे संशय वळवावा. काही इंजिनांत किक हलकी करण्यासाठी डीकॉम्प्रेशनची योजना असते आणि त्यामुळे आकडा मुळातच कमी दिसतो, हेही पुस्तिकेत पाहून घ्यावे.

चार-स्ट्रोक इंजिनाचे टॅपेट जुळवणे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातील अंतर ठरवणे, हे घरच्या कामांतले सर्वांत फलदायी काम आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. इंजिन पूर्ण थंड असावे. सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, ही उत्तम वेळ. प्लग काढला की क्रँक हलका फिरतो. मॅग्नेटच्या नटावर पाना लावून तो इंजिनच्या नेहमीच्या दिशेने फिरवावा आणि इनलेट व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवावे. तो खाली जाऊन पुन्हा वर आला, की पुढे जेव्हा मॅग्नेटवरची 'टी' खूण केसवरच्या खुणेशी जुळेल, तेव्हा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या माथ्यावर असतो. या स्थितीत दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलले पाहिजेत. ते घट्ट लागत असतील तर क्रँक एक पूर्ण फेरा आणखी फिरवावा, कारण तीच 'टी' खूण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही जुळते.

छोट्या इंजिनांत हे अंतर साधारण 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या आसपास असते, आणि एक्झॉस्टचे अनेकदा इनलेटपेक्षा थोडे अधिक ठेवलेले असते. फीलर गेजचे पाते फटीतून ओढताना त्याला हलकी, एकसारखी ओढ जाणवली पाहिजे. वहीच्या दोन मिटलेल्या पानांतून कागद ओढताना जाणवते तशी. लॉकनट आवळताना आतला स्क्रू सोबत फिरून अंतर बदलते, म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय झाकण लावू नये. टॅपेटचा आवाज नको म्हणून अंतर मुद्दाम कमी ठेवणारे अनेक जण असतात, आणि ही चूक महागात पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. अंतर संपले की तो पुरता टेकत नाही, कडेने जळतो आणि कॉम्प्रेशन जाते. शिवाय सीट झिजेल तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर आपोआप घटत जाते, म्हणजे बिघाड वाढत असताना आवाज मात्र कमी होत असतो. थोडा वाजणारा टॅपेट चालेल. एकदम शांत झालेला टॅपेट उघडून पाहावा.

दोन-स्ट्रोक इंजिनात टॅपेटची भानगड नाही, पण तिथे क्रँकची सीले पाहावी लागतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील कडक झाले की क्रँककेस बाहेरची हवा ओढतो आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअर ऑइल आत खेचले जाऊन धुराचे लोट निघतात. यांतली एकही तक्रार कार्ब्युरेटरच्या जेटने मिटत नाही. अशा इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर कार्बनने अर्धवट बुजलेले असणे हेही नेहमीचेच.

कॉम्प्रेशनच कमी निघाले आणि हेड व सिलिंडर उतरवण्याची वेळ आली, तर नवशिक्यानेही ते करून पाहण्यास हरकत नाही. मात्र क्रँककेसचे दोन भाग वेगळे करण्याच्या भानगडीत पहिल्याच खेपेला पडू नये. सिलिंडर वर उचलताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारे फडके कोंबावे, कारण पिस्टन पिनची सर्क्लिप, म्हणजे पिन जागेवर धरणारी कडी, टणकन उडून नेमकी तिथेच पडते. काढलेली सर्क्लिप पुन्हा वापरू नये. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरकवून पिस्टनच्या माथ्याने ती सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. छोट्या इंजिनात ती साधारण 0.15 ते 0.35 मिलिमीटर असते. नव्या रिंगेचीही फट फार मोठी येत असेल तर सिलिंडरच झिजला आहे, आणि मग बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. ते काम यंत्रशाळेचे आहे. रिंगा बसवताना त्यांवरील अक्षर वरच्या बाजूला ठेवावे. चार-स्ट्रोक पिस्टनवर त्यांची तोंडे एकमेकींपासून दूर फिरवून ठेवावीत, तर दोन-स्ट्रोक पिस्टनवर खाचेतल्या पिनेशी जुळवावीत. हेडचे नट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

ठिणगीची तपासणी थोडक्यात होते. नवा प्लग, पुस्तिकेनुसार 0.6 ते 0.8 मिलिमीटरची फट, टोपीतले गंजलेले टोक घासून स्वच्छ करणे. पॉइंटवाली (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह उघडझाप करून तोडणारे संपर्क असलेली) गाडी असेल तर पॉइंटचे पृष्ठभाग स्वच्छ करून 0.3 ते 0.4 मिलिमीटर अंतर ठेवणे. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा.

कार्ब्युरेटर उतरवणे आणि खोलणे

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी टाकी पाहावी. टाकीत टॉर्चचा प्रकाश टाकल्यावर तळाशी तपकिरी गंज दिसत असेल, तर आधी टाकी आणि पेट्रोल कॉकची जाळी साफ करावी. नाही तर आज धुतलेला जेट आठवड्यात पुन्हा बुजतो. जुन्या रबरी नळ्या सरसकट बदलाव्यात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषून घेते आणि जुन्या धाटणीचे रबर फुगवते किंवा ठिसूळ करते, त्यामुळे मूळच्या नळ्या धड दिसल्या तरी त्यांचा भरवसा उरत नाही.

कार्ब्युरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. मग प्रत्येक टप्प्याला फोटो काढत कार्ब्युरेटर उतरवावा, आणि वाटी उघडण्याआधी आयडलिंगचे मिश्रण ठरवणारा, हवेचा किंवा मिश्रणाचा पायलट स्क्रू किती फेऱ्यांवर आहे ते मोजावे. त्यासाठी तो अगदी हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत आत फिरवत फेरे मोजावेत, पाव फेराही वहीत लिहावा, आणि मगच तो बाहेर काढावा. तळाला टेकल्यावर आवळला, तर त्याचे निमुळते टोक वाकते किंवा समोरचे भोक रुंदावते; त्यानंतर आयडलिंग कधीच नीट बसत नाही. या स्क्रूसोबत स्प्रिंग, चिमुकला वायसर आणि त्याहून चिमुकली ओ-रिंग असते. ओ-रिंग बहुधा भोकातच राहते, आणि ती तिथे आहे हे न कळल्यामुळे पुढे तिच्यावर क्लीनर मारला जातो. टोक वाकवलेल्या बारीक तारेने ती आधी बाहेर घ्यावी.

वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा फ्लोट ज्या दोन खांबांमध्ये पिनेने अडकवलेला असतो, ते खांब ओतीव आणि ठिसूळ असतात. पिनेचे एक टोक बहुधा जाडसर असते. दुसऱ्या टोकाकडून, खांबाला बोटाचा आधार देऊन, ती हळूच ढकलावी. पिन निघत नसेल तर भेदक तेल लावून थांबावे. खांब तुटला की बहुतेक वेळा पूर्ण कार्ब्युरेटरच बदलावा लागतो.

जेट पितळेचे म्हणजे मऊ असतात. पायलट जेट खोल नळीत बसलेला असतो, तेव्हा पेचकसाचे पाते त्याची खाच दोन्ही बाजूंनी पूर्ण भरेल इतके रुंद आणि तरी नळीत शिरेल इतके अरुंद हवे. असे पाते सहसा तयार मिळत नाही; एक जुना पेचकस घासून ते मी स्वतःच केले आहे, अर्थात वर सांगितलेली खाच बिघडवल्यानंतर. प्रत्येक जेटवरचा आकडा लिहून ठेवावा. केहिनच्या जेटवर तो आकडा साधारणपणे भोकाचा व्यास सांगतो: 38 म्हणजे 0.38 मिलिमीटर, 100 म्हणजे 1 मिलिमीटर. मिकुनीचे बरेच जेट मात्र प्रवाहाच्या मापाने अंकित असतात, म्हणून एकाचा 100 दुसऱ्याच्या 100 बरोबर समजून अदलाबदल करू नये.

साफसफाई

पेट्रोल वाळून उरणारा पिवळसर-तपकिरी थर हा खरा शत्रू आहे. कार्ब्युरेटर क्लीनर मारून भाग तासभर भिजू द्यावेत, पण त्याआधी सर्व रबर, ओ-रिंगा आणि प्लॅस्टिकचे फ्लोट बाजूला ठेवलेले असावेत. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या स्लाइडचा (हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या सरकत्या भागाचा) रबरी डायफ्रॅम असेल, तर त्यावर क्लीनरचा थेंबही पडू देऊ नये; तो फुगतो आणि पुन्हा खाचेत बसत नाही. डायफ्रॅम प्रकाशासमोर हलकेच ताणून सुईच्या टोकाएवढी छिद्रे तपासावीत. क्लीनर मारताना चष्मा घालणे अत्यावश्यक आहे, कारण एका भोकात मारलेला फवारा आतल्या वाटेने वळून भलत्याच भोकातून थेट डोळ्यांत येतो.

पायलट जेट चिमटीत धरून खिडकीकडे किंवा दिव्याकडे पाहावे. स्वच्छ जेटमधून प्रकाशाचा अगदी गोल, तीक्ष्ण कडेचा ठिपका दिसतो. ठिपका अंधूक, कोयरीसारखा किंवा एका बाजूने चावल्यासारखा दिसत असेल तर थर शिल्लक आहे. पुन्हा भिजवावे, दाबाची हवा मारावी, आणि तरीही न निघाल्यास विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एक धागा त्यातून ओवावा. स्टीलची सुई, पिन किंवा ड्रिल कधीही घालू नये, 0.38 चे भोक 0.42 झाले तरी डोळ्यांना दिसत नाही, इंजिनला मात्र कळते. कार्ब्युरेटरच्या अंगातल्या प्रत्येक वाटेत एका टोकाने क्लीनर मारून तो दुसऱ्या टोकातून बाहेर येतो का, ते पाहावे. थ्रॉटलजवळ, घशाच्या छतात किंवा तळाशी असलेली आयडलिंगची अतिसूक्ष्म छिद्रे याच तपासणीत सापडतात, आणि बहुतेक अर्धवट धुतलेले कार्ब्युरेटर नेमके तिथेच अडलेले असतात.

जोडणी आणि फ्लोटची उंची

फ्लोटच्या सुईचे, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईचे, रबरी टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर गोल खाच पडलेली असेल तर सुई, आणि शक्य असल्यास सीटही, बदलावी. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल खुळखुळते का ते ऐकावे; शंका असल्यास तो गरम पाण्यात बुडवावा, भेग असेल तिथून आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते.

फ्लोटची उंची मोजताना नवशिक्या कार्ब्युरेटर सरळ उलटा धरतो. तसे केले की फ्लोटच्या वजनाने सुईच्या मागची स्प्रिंगवाली पिन दबते आणि माप चुकते. कार्ब्युरेटर आडवा, थोडा तिरका धरावा, फ्लोटची जिभली त्या पिनेला नुसती टेकेल, दाबणार नाही, अशा स्थितीत गॅस्केटच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या सर्वांत दूरच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. फरक असेल तर पितळी जिभली अगदी किंचित वाकवावी. काही प्लॅस्टिक फ्लोटना वाकवण्याजोगी जिभलीच नसते. तिथे माप चुकले तर सुई किंवा फ्लोट बदलणे एवढाच उपाय उरतो. वाटी लावल्यावर कार्ब्युरेटर इंजिनवर चढवण्याआधी पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंकावे: सरळ धरल्यावर हवा गेली पाहिजे, उलटा धरल्यावर अडली पाहिजे.

स्लाइडसोबत वर-खाली होणाऱ्या जेट सुईवर सहसा पाच खाचा असतात आणि क्लिप होती त्याच खाचेत परत बसवावी. क्लिप खालच्या खाचेत नेली तर सुई वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलवर मिश्रण दाट होते. दोन किंवा अधिक कार्ब्युरेटर असतील, तर सर्व स्लाइडखाली एकाच जाडीची तार किंवा ड्रिलचा दांडा सारखाच अडकतो का, हे टेबलावरच जुळवून घ्यावे. नेमके समतोलन नंतर व्हॅक्यूम गेज लावून करता येते.

सुरू करणे आणि जुळवणी

इंजिन उघड्यावरच सुरू करावे. बंद खोलीतील एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. पायलट स्क्रू वहीत लिहिलेल्या फेऱ्यांवर, आणि नोंद नसेल तर दीड फेऱ्यावर ठेवून सुरुवात करावी. इंजिन चांगले तापल्यावर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे प्रत्यक्ष चालवल्यावरच, जुळवणी करावी. आयडलिंग थोडे वाढवून पायलट स्क्रू पाव पाव फेरा फिरवत जावे, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे, आणि जिथे इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे फिरते तिथे तो ठेवून मग आयडलिंगचा स्क्रू कमी करावा. पायलट स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर बहुधा हवेचा असतो आणि आत फिरवल्याने मिश्रण दाट होते. इंजिनकडच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा असतो आणि बाहेर काढल्याने दाट होते. हा फरक न कळता केलेली जुळवणी प्रत्येक वेळी उलट्या दिशेला जाते.

पायलट स्क्रू फिरवूनही इंजिनवर काहीच परिणाम होत नसेल, तर पायलटची वाट अजून बुजलेली आहे, किंवा मॅनिफोल्डमधून हवा शिरते आहे. थंड इंजिन नुकतेच सुरू करून जोडाच्या कडेवर पाण्याचा बारीक फवारा मारून पाहावा. आयडलिंग क्षणभर बदलले तर गळती सापडली. यासाठी ज्वलनशील फवारे वापरण्याची पद्धत प्रचलित असली, तरी गरम एक्झॉस्टच्या शेजारी मी ती वापरत नाही.

चालवून पाहताना थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात. पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलटचा अंमल असतो, साधारण पाव ते पाऊण उघडीपर्यंत जेट सुईचा, आणि त्यापुढे मेन जेटचा. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते हे कळले, की कोणता भाग पुन्हा पाहायचा ते ठरते. एका वेळी मात्र एकच भाग बदलावा आणि तो बदल वहीत लिहावा. मूळ आकड्याचे जेट, मूळ एअर फिल्टर आणि मूळ सायलेन्सर असेल तर जेट बदलण्याची गरज क्वचितच पडते.

हेड उतरवले असेल, तर गाडी एकदा पूर्ण तापून रात्रभर थंड झाल्यावर, पुस्तिकेने तसे सांगितले असल्यास, हेडचे नट पुन्हा टॉर्क रेंचने पाहावेत आणि त्यानंतर टॅपेट परत मोजावेत, कारण गॅस्केट दबले की तेही अंतर हलते. नव्या रिंगा घातल्या असतील तर पहिले ऑइल काहीशे किलोमीटरनंतर बदलावे. त्यात बारीक करडी चकाकी दिसली तर घाबरू नये, ती रिंगा बसत असल्याची खूण आहे. नखाला लागतील असे तुकडे मात्र दिसले, तर गाडी तिथेच उभी करावी.